लोणीहून मांजरी, मांजरीहून लोणी

अपेक्षा माझ्या केबिनमध्ये शिरली तेव्हा मी डबा उघडत होते. तिने दार वाजवलं नाही, बस म्हटलं तरी बसली नाही. लॅपटॉप उघडाच हातावर धरून आली होती.

"मॅडम, मी नाहीये," ती म्हणाली.

"दिसतेस तर चांगली."

"सिस्टिममध्ये नाहीये. लॉगिनच होत नाही. आणि चार वाजता माझा इंटरव्ह्यू आहे."

मी डब्याचं झाकण परत लावलं. आमच्या नोकरीत गरम पोळी नशिबात नसते, हे मी केव्हाच मान्य केलंय.

इंटरव्ह्यू बंगळुरूच्या एका संशोधन संस्थेचा होता. त्यांच्या पोर्टलवर आपापल्या संस्थेच्या लॉगिननेच आत जायचं, आणि वेळेत आत आला नाही तो गैरहजर. एकच जागा होती आणि तीही दोन वर्षांनी निघालेली. हॉस्पिटलच्या नोकरीचा राजीनामा अपेक्षाने आधीच देऊन टाकलाय, हे मला त्या दुपारी कळलं. इंटरव्ह्यूच्या आधी राजीनामा! असं कोणी करतं का? पण तिला पुणं सोडायचं होतं, आणि हातात परतीचं तिकीट असलं की आपण परत येऊ, अशी तिला स्वतःचीच भीती होती. हे तिनेच मला सांगितलं, येरझाऱ्या घालता घालता.

मी शेफाली. लोणी काळभोरच्या आमच्या कॉलेजात डिरेक्टरी सर्व्हर सांभाळते. कोण माणूस कुठल्या विभागात आहे, त्याचा मेल काय, पासवर्ड काय, त्याला कुठली दारं उघडायची आणि कुठली नाहीत, हे सगळं लक्षात ठेवणारं ते मशीन. लोकांना वाटतं मी टेलिफोन डिरेक्टरी छापते. वाटू दे. आमच्या संस्थेचे असे दोन सर्व्हर आहेत. कॉलेजातली माणसं माझ्याकडे, लोणीला. हॉस्पिटलमधली माणसं मांजरीच्या सर्व्हरवर, आणि तो सांभाळतो दिग्विजय काळभोर. दिग्विजय म्हणजे अपेक्षाचा नवरा. निदान कागदोपत्री अजून नवरा. ती गेलं वर्षभर माहेरी राहतेय.

"दिग्विजयला विचारलंस?" मी म्हटलं.

"मी हेल्पडेस्कला फोन केला."

म्हणजे नाही विचारलं. हेल्पडेस्क हिंजवडीला. मी फोन लावला तर चेतन नावाचा एक मुलगा आनंदाने बोलला, "मॅम, त्यांचं टिकट तर कालच रिझॉल्व्ह झालंय. नेम चेंज रिक्वेस्ट, मांजरी सर्व्हर, डन. सब क्लिअर है."

"त्या माझ्यासमोर उभ्या आहेत आणि त्यांना लॉगिन होत नाहीये."

"ओके मॅम, मग नवीन टिकट रेज करा ना. चोवीस तासांत कोणीतरी कॉन्टॅक्ट करेल."

त्याला मी जे उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. फोन ठेवला.

मग मी अपेक्षा घुले हे नाव टाकून शोधलं. सर्व्हर जरा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, फेऱ्यांची मर्यादा संपली, शोध थांबवला आहे. देवयानी काळभोर या तिच्या सासरच्या नावाने शोधलं. तेच उत्तर. अपेक्षा माझ्या खुर्चीमागून वाकून बघत होती. बघता बघता खिडकीपाशी जायची, हायवेवरच्या उसाच्या ट्रॉल्यांकडे पाठ करून परत यायची. मला कोणी मागे उभं राहिलेलं चालत नाही. त्या दिवशी चालवून घेतलं.

हे समजायला दोनच गोष्टी लागतात. पहिली, एलियस. एलियस म्हणजे दारावर लावलेली पाटी: या नावाची व्यक्ती आता अमुक ठिकाणी, अमुक नावाने आहे. अपेक्षाचं लग्न झालं, नाव बदललं आणि ती आमचं कॉलेज सोडून मांजरीच्या हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत गेली. तिची खरी नोंद देवयानी काळभोर या नावाने तिकडे हलली आणि इथे अपेक्षा घुले या नावावर मी तशी पाटी लावली. जुन्या नावाने कोणी शोधलं की सर्व्हर पाटी वाचतो आणि आपणहून नव्या नावाकडे निघतो. शोधणाऱ्याला पाटी दिसतच नाही, एकदम माणूस समोर येतो.

दुसरी गोष्ट, रेफरल. नवं नाव हॉस्पिटलच्या शाखेतलं, आणि ती शाखा माझ्या सर्व्हरकडे नाही. मग माझा सर्व्हर म्हणतो, हे आमच्याकडे नाही, मांजरीला विचारा. पत्ता देतो आणि हात झटकतो. काही ठिकाणचे सर्व्हर स्वतः जाऊन विचारून येतात आणि उत्तर आणून देतात. आमचे तसे नाहीत. पुण्यातलेच आहेत शेवटी.

तर माझा सर्व्हर मांजरीला पाठवत होता, इथपर्यंत ठीक. मांजरीचा काय करत होता ते पाहिलं, तर तो परत लोणीला पाठवत होता. लोणीहून मांजरी, मांजरीहून लोणी. लॉगिन करणारा बिचारा प्रोग्रॅम फिरून फिरून दमला आणि मरून पडला. आणि दोन्ही सर्व्हरांचं म्हणणं एकच, आम्ही नियमाप्रमाणे उत्तर दिलंय.

मी दिग्विजयला फोन लावला. अपेक्षाकडे बघितलं. तिने मान हलवली, म्हणून स्पीकरवर टाकला.

"बोला मॅडम."

"दिग्विजय, अपेक्षा घुलेचं लॉगिन होत नाहीये."

तो म्हणाला, "आमच्याकडनं ओके हाय, मॅडम. काल केलंय मी ते. जुनं नाव परत पाहिजे, अशी रिक्वेस्ट आली होती. तुमच्याकडे बघा."

"माझ्याकडे बघितलं. माझा सर्व्हर तुमच्याकडे पाठवतोय."

"आमचा तुमच्याकडे पाठवतोय. बरोबरच हाय. अपेक्षा घुले तुमच्याकडे हाय."

"ती माझ्याकडे आहे हे खरं आहे," मी म्हटलं. "माझ्या केबिनमध्ये फरशी झिजवतेय. सर्व्हरवर नाहीये."

"असं कसं? मी बघितलंय काल."

मी म्हटलं, पाच मिनिटांत फोन करते. ते बोलणं ऐकून अपेक्षा अखेर बसली. बसली आणि लगेच उठली.

"मुद्दाम केलंय का त्याने?" तिने विचारलं.

माझ्याही मनात तेच आलं होतं. खरं सांगायचं तर मला तेच हवं होतं. कोणावर तरी मनसोक्त चिडायला मिळालं असतं. पण आधी बघायला हवं होतं. सर्व्हरला शोधायला सांगताना एक खूण काढून टाकता येते: पाटीच्या मागे जाऊ नकोस, पाटी असेल तर पाटीच दाखव. ती खूण काढून मी दोन्हीकडे शोधलं.

लोणीला अपेक्षा घुले: ही पाटी आहे, देवयानी काळभोरकडे जा. मांजरीला देवयानी काळभोर: ही पाटी आहे, अपेक्षा घुलेकडे जा. पाटीत तेवढंच असतं, बाण आणि नाव. फोटो नाही, पदवी नाही, पासवर्ड नाही. दोन पाट्या एकमेकींकडे बोट करत होत्या आणि जिच्यासाठी लावल्या ती बाई दोन्ही ठिकाणी नव्हती. माणूस असा पुसला गेलेला मी कधी पाहिला नव्हता.

"म्हणजे मी खरंच नाहीये," अपेक्षा म्हणाली. आवाजात थट्टा आणायचा तिने प्रयत्न केला, पण जमलं नाही.

"बॅकअपमध्ये असशील. थांब."

"मला एक सांगू, मॅडम? हे देवयानी नाव मला आधी कुणी सांगितलंच नव्हतं. लक्ष्मीपूजनाला ताटात तांदूळ पसरले, दिग्विजयने अंगठीने नाव लिहिलं, आणि मी ते सगळ्यांबरोबर वाचलं. पेढे वाटले. छान नाव, छान नाव म्हणून बायका मला जवळ घेत होत्या. नाव छानच होतं. माझं नव्हतं. नंतर कितीतरी दिवस कुणी देवयानी म्हणून हाक मारली की मी मागे वळून बघायचे, कुणाला बोलावतायत म्हणून."

"बोलली नाहीस तेव्हा?"

"तेव्हा हसले. सगळे हसत होते." ती परत खिडकीकडे गेली. "माझे सगळे पेपर अपेक्षा घुले नावाने. पदवी त्या नावाने. पोर्टलवरचा अर्ज त्या नावाने. ते पोर्टल लॉगिनमधलं नाव अर्जातल्या नावाशी जुळवतं, म्हणून तर मी बदलायला सांगितलं. नाहीतर देवयानी राहूनसुद्धा गेले असते की बंगळुरूला."

मी फोन लावला. या वेळी मी तयारीत होते.

"दिग्विजय, तुमच्याकडे देवयानी काळभोरची खरी नोंद होती. ती कुठे गेली?"

"काढली. नुसतं नाव बदलायचं तर तुमच्याकडे ते नाव आधीच होतं. दोन नोंदी कशाला? म्हणून आमच्याकडची काढली आणि पाटी लावली."

"काढण्याआधी माझ्याकडे नोंद आहे याची खात्री केलीत?"

"केली ना. अपेक्षा घुले टाकून शोधलं. सगळं आलं. फोटो, मेल, पदवी, सगळं."

मला एकदम लख्ख दिसलं, आणि माझी सगळी तयारी वाया गेली. त्याने अपेक्षा घुले शोधलं. त्याचा प्रोग्रॅम लोणीला आला. इथे पाटी होती. पाटीप्रमाणे तो परत मांजरीला गेला आणि मांजरीचीच देवयानी त्याच्यासमोर आणून ठेवली. त्याने स्वतःच्या घरातलं माणूस शेजारच्या खिडकीत पाहिलं आणि म्हटलं, चला, ही शेजारी आहे, आता आपल्याकडची काढायला हरकत नाही.

मी त्याला ते सांगितलं.

"दिग्विजय, तुम्ही नवखे नाही," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "फोटोच्या वर, पहिल्याच ओळीत पूर्ण नाव येतं. कुठल्या शाखेतली नोंद आहे तेही येतं. तिथे देवयानी काळभोर, मांजरी, असं स्वच्छ लिहिलेलं असणार. तुम्ही वाचलं नाहीत?"

"नाही."

"का?"

"फोटो आला," तो म्हणाला. "तिचा. मग पुढचं काही वाचलं नाही, मॅडम. लवकर उरकायचं होतं मला. त्या नावाची नोंद काढायला बसलो होतो, अन् ते नाव मीच शोधलं होतं. आईनं नाही. मीच लिहून काढलेली, कितीतरी नावं, लग्नाआधी. तिला आवडंल असं एक."

अपेक्षाने हाताने तोंड दाबून धरलं. तिने कधी विचारलंच नव्हतं, आणि त्याने सांगितलं नव्हतं. आता मला दोघांचाही राग आला. एवढ्या मोठ्या शहरात या दोघांना बोलायला माझा स्पीकरफोनच सापडावा! आणि घड्याळ पुढे सरकत होतं.

"ते सगळं नंतर," मी म्हटलं. "बॅकअप कुठे आहे?"

"आमच्याकडं हाय. परत आणायला वेळ लागत नाही. जशीच्या तशी देवयानी म्हणून उभी केली की तुमची पाटी आपोआप चालायला लागेल. दहा मिनिटांत लॉगिन होईल."

"देवयानी म्हणून चालणार नाही. अर्ज अपेक्षा नावाने आहे."

मला वाटलं तो वाद घालेल. वाद घालायला जागा होती: पासवर्ड, मेल, प्रयोगशाळेचे अधिकार, ती ज्या ज्या गटात होती त्या प्रत्येक ठिकाणी तिचं नाव देवयानी म्हणून नोंदलेलं. ते सगळं हाताने बदलायचं म्हणजे अर्ध्या दिवसाचं काम. मी असते तर म्हटलं असतं, आज होणार नाही.

"पाठवतो," तो म्हणाला. "नाव बदलूनच पाठवतो. गटांचं मी इकडनं करतो एकेक. तुम्ही फक्त तुमची पाटी काढून ठेवा, नाहीतर नाव अडून बसेल."

आणि त्याने फोन ठेवला.

मी आमच्याकडची पाटी काढली. आता लोणीला अपेक्षा घुले नावाचं काहीच नव्हतं, पाटीसुद्धा नाही. अपेक्षा दारापर्यंत गेली, परत आली, पाण्याची बाटली उघडली, न पिताच बंद केली. मी मेल तपासला, दिग्विजयची फाइल आलेली नाही. "तो करेल का?" तिने विचारलं. मी म्हटलं करेल. परत मेल तपासला. मला वाटलं, याला फोन करून झापावं, आणि तेवढ्यात हेही वाटलं, की झापण्यात त्याचा जो वेळ जाईल तो हिचाच जाणार. मी माझा फोन टेबलाच्या खणात टाकून दिला.

फाइल आली तेव्हा अपेक्षा बाहेरच्या व्हरांड्यात होती. मी तिला हाक मारली आणि नोंद चढवली. सर्व्हरने घेतली. पहिल्याच ओळीत अपेक्षा घुले, आणि खाली सगळं जागच्या जागी. पासवर्ड जुनाच, मेलचा पत्ता नवा. एकाही ठिकाणी देवयानी राहिलं नव्हतं. त्याने प्रत्येक ओळ वाचली असणार.

"लॉगिन कर."

तिने पासवर्ड टाकला, चुकला. परत टाकला. पोर्टल उघडलं. तिचं नाव वरच्या कोपऱ्यात आलं आणि खाली लिहून आलं, कृपया प्रतीक्षा करा, समिती लवकरच आपल्याला आत घेईल.

मी खुर्चीत मागे रेलले. मला जोरात हसू आलं, आणि मी डब्याकडे हात नेला. तेवढ्यात खणात फोन वाजला.

"आलं का?" दिग्विजय.

"आलं. पोर्टल उघडलं."

"बरं झालं," तो म्हणाला. "मॅडम, आमच्याकडं अजून देवयानीची पाटी हाय. आता ती बरोबर जागी जाते, अपेक्षाकडं. ठेवायला तशी काही हरकत नाही ना?"

हरकत खरंच नव्हती. उलट नियमाने ठेवायलाच हवी. हॉस्पिटलचे डॉक्टर, रुग्ण, औषध कंपन्या, तीन वर्षं सगळे तिला त्याच नावाने ओळखत होते; त्या नावाने कोणी शोधलं तर पाटी त्याला नीट पोचवेल. मी तसं अपेक्षाला सांगितलं. ती लॅपटॉप उचलून शेजारच्या मोकळ्या सेमिनार रूमकडे निघाली होती. दारात थांबली.

"मला कळतंय ठेवायला हवी ते," ती म्हणाली. फोन चालू आहे हे तिला माहीत होतं. "पण मला नको. त्या नावाने कुणी शोधलं की मी परत सापडणार. मला नाही सापडायचं. काढायला सांगा." मग फोनकडे बघून हळू आवाजात म्हणाली, "नाव चांगलं होतं, दिग्विजय. मला विचारलं असतंस तर..." आणि पुढचं न बोलता निघून गेली.

मधल्या काचेतून मला ती दिसत होती. तिने लॅपटॉप ठेवला, केस मागे केले, पाठ सरळ केली. पडद्यावर माणसं आली असावीत, कारण तिने नमस्कार केला आणि बोलायला लागली. दुपारभर एका जागी न थांबलेली बाई आता खुर्चीत अगदी स्थिर बसली होती.

"ऐकलंत?" मी फोनवर विचारलं.

"ऐकलं. काढतो."

कळफलकाचा आवाज आला. मग थांबला. परत आला. हे काम एका ओळीचं आहे, पण मी त्याला घाई केली नाही. घाई न करणं हे माझ्या स्वभावात नाही. त्या दिवशी कुठून आलं कोणास ठाऊक.

"काढलं," तो म्हणाला. "मॅडम, तुम्ही तुमच्याकडनं एकदा तपासून सांगता का? नियम हाय ना, दुसऱ्यानं तपासायचं."

नियम आहे. मीच केलेला आहे. मी देवयानी काळभोर टाकून शोधलं. माझा सर्व्हर मला मांजरीला पाठवून मोकळा झाला, आणि मांजरीच्या सर्व्हरने या वेळी कुठेही पाठवलं नाही. लगेच, सरळ उत्तर दिलं. काचेपलीकडे अपेक्षा समितीच्या कुठल्यातरी प्रश्नावर हात हलवत मन लावून बोलत होती. मला तिच्यासाठी फार बरं वाटत होतं, आणि पलीकडे फोन धरून बसलेल्या त्या माणसाला ते उत्तर वाचून दाखवायचं माझ्या जिवावर आलं होतं. पण त्याने विचारलं होतं आणि सांगणं माझं काम होतं.

"या नावाचं कोणी नाही," मी म्हटलं.

"बरं," दिग्विजय म्हणाला. त्याने फोन ठेवला नाही, म्हणून मीही ठेवला नाही.